नसलेले व्हेरिएबल आणि यशस्वी बिल्ड

पुण्यातल्या पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था २०१८ पासून दिल्लीच्या हवेचा आगाऊ अंदाज देते. उद्या-परवा हवा किती बिघडेल, हे सांगणाऱ्या त्या यंत्रणेच्या मुळाशी डब्ल्यूआरएफ-केम हे मॉडेल आहे. वाऱ्या-पावसाचे गणित करणाऱ्या डब्ल्यूआरएफला धूळ, धूर आणि वायूंच्या रसायनशास्त्राची जोड दिली की हे मॉडेल होते. ते कंपाइल करण्याआधी शेलमध्ये ‘डब्ल्यूआरएफ_केम’ नावाच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ ही किंमत द्यावी लागते. दिली, की रसायनांचा भाग बांधला जातो. द्यायची राहिली, तर कॉन्फिगर स्क्रिप्ट थांबत नाही. ती रसायनांविना साधे डब्ल्यूआरएफ बांधायला घेते, आणि शेवटी तयार होणाऱ्या एक्झिक्युटेबलचे नाव दोन्ही वेळी एकच असते. पाषाणात असे कधी घडले, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. ज्यांचे रोजचे काम हे आहे त्यांना ती ओळ तोंडपाठ असते. पण बिल्ड माणसाच्या हातातून काढून पाइपलाइनच्या हाती दिला, की कोणाला काय तोंडपाठ आहे याला किंमत उरत नाही. पाइपलाइनला फक्त लिहिलेले कळते. न लिहिलेल्या गोष्टीचे तिने काय करायचे, हा या अंकापुरता आमचा प्रश्न आहे आणि त्यावर आमचे मत एकाच बाजूचे आहे: तिने थांबावे, नाव घेऊन थांबावे, आणि काम सुरू होण्याआधी थांबावे.

डब्ल्यूआरएफच्याच घरात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून त्याच्याकडे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. हवामानाची आकडेवारी बहुतेक ग्रिब-२ या स्वरूपात येते. ती वाचण्या-लिहिण्यासाठी जॅस्पर नावाची लायब्ररी लागते आणि ती कुठे आहे हे दोन व्हेरिएबलांतून सांगायचे असते. त्यांपैकी एक जरी सापडले नाही, तरी डब्ल्यूआरएफची कॉन्फिगर स्क्रिप्ट एक ओळ छापते की, हे व्हेरिएबल नाही, म्हणून ग्रिब-२ शिवाय बांधत आहोत. ओळ छापून ती पुढे जाते. याच कुटुंबातला डब्ल्यूपीएस हा आधीच्या टप्प्यातला प्रोग्राम मात्र कॉन्फिगर करतानाच यादी समोर ठेवतो. अमुक कंपायलर ग्रिब-२ सह, तोच कंपायलर ग्रिब-२ शिवाय, असे वेगवेगळे क्रमांक असतात आणि त्यांतला एक आपण निवडायचा. दोन्ही ठिकाणी ग्रिब-२ नसलेला बिल्ड मिळू शकतो. फरक एवढाच, की डब्ल्यूपीएसमध्ये तो कोणीतरी मागितलेला असतो आणि डब्ल्यूआरएफमध्ये तो नुसता घडलेला असतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरचे एक औषध संपलेले असावे आणि दुकानदाराने उरलेली चार बांधून, पाचव्याची नोंद पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत करून द्यावी, तसा हा दुसरा व्यवहार. त्या दुकानदाराला कोणी खोटारडा म्हणणार नाही. पण त्याच्याकडे पुन्हा चिठ्ठी देताना माणूस विचार करेल.

डब्ल्यूआरएफवर अन्याय नको. ते ज्या काळात आकाराला आले, त्या काळात प्रत्येक विद्यापीठाचे यंत्र वेगळे, कंपायलर वेगळा, लायब्ररींच्या जागा वेगळ्या. जे सापडेल त्यावर बांधून दाखवणे हाच तेव्हा चांगुलपणा होता, आणि स्क्रीनसमोर बसलेला संशोधक ती ओळ वाचत होता. आजही कंपाइल संपल्यावर अपेक्षित एक्झिक्युटेबल खरेच जागेवर आहेत का, हे डिरेक्टरीत डोकावून पाहायला नवशिक्यांना शिकवले जाते. म्हणजे बिल्ड नीट झाला की नाही, याची शेवटची खातरजमा माणसाच्या डोळ्यांवर सोपवलेली आहे. रात्री अडीच वाजता आपोआप सुरू होणाऱ्या बिल्डला हे डोळे नसतात.

पाषाणहून काही किलोमीटरवर, विद्यापीठाच्या आवारात गणेशखिंडला, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण चालवणारे ते हे केंद्र. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात संपूर्ण दुर्बिणीचे नियंत्रण करणाऱ्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’च्या आराखड्याचे नेतृत्व याच केंद्राकडे होते, आणि या प्रकल्पातील सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. या प्रकल्पाने नियंत्रणासाठी टँगो ही प्रणाली निवडली. टँगोवर लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आपला डेटाबेस कोणत्या यंत्रावर, कोणत्या पोर्टवर आहे हे कळावे लागते आणि ते ‘टँगो_होस्ट’ या व्हेरिएबलमधून कळते. ते दिलेले नसेल आणि यंत्राच्या टँगो-फायलीतही नोंद नसेल, तर टँगो काय करते? स्वतःच्याच यंत्रावर डेटाबेस असेल असे धरून चालण्याचा मोह तिला सहज होऊ शकला असता. नेहमीचा पोर्ट क्रमांकही ठरलेला आहे. पण ती थांबते. टँगो_होस्ट दिलेले नाही, ते देऊन पुन्हा प्रयत्न करा, असे सांगते आणि किंमत कोणत्या रूपात लिहायची त्याचा नमुनाही देते: आधी यंत्राचे नाव, मग कोलन, मग पोर्ट. काय नाही, काय करायचे, कसे लिहायचे, एवढे सगळे एका ओळीत. आमच्या मते हरवलेल्या व्हेरिएबलबद्दलचा निरोप कसा असावा, याचा यापेक्षा चांगला धडा शोधायला परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही.

तरीही टँगोसारखी वागणूक अपवाद आणि डब्ल्यूआरएफसारखी नियम, असे का झाले? याचे मूळ एनव्हायर्नमेंटच्या जन्मातच आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आले आणि आज आपण ओळखतो ते एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याच्यासोबत रुजले. त्या शेलमध्ये नसलेले व्हेरिएबल वापरले, तर त्याच्या जागी काहीच येत नाही आणि ओळ तशीच चालते. कीबोर्डवर एकेक आज्ञा देणाऱ्यासाठी हे सोयीचे होते. विशेष म्हणजे, याच्या उलट वागायला लावण्याची सोयही त्याच शेलमध्ये पहिल्यापासून आहे: ‘सेट -यू’ म्हटले की नसलेले नाव वापरताच स्क्रिप्ट थांबते; नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून निरोप लिहिला, तर तो निरोप छापून थांबते. शेलच्या पुढच्या आवृत्त्यांत आलेले कोलन प्रश्नचिन्हाआधी घातले, तर नाव आहे पण आत रिकामे आहे, अशा वेळीही थांबते. सोय इतकी जुनी, आणि २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या खेळांच्या प्रोग्रामने लोकांच्या फायली पुसल्या, कारण एका स्क्रिप्टमध्ये ‘स्टीमरूट’ हे व्हेरिएबल रिकामे राहिले आणि ‘स्टीमरूटखालचे सर्व पुसा’ या आज्ञेचा अर्थ ‘मुळापासून सर्व पुसा’ असा झाला. लिहिणाऱ्याने त्या ओळीवर ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीपही टाकलेली होती. टीप होती, कोलन-प्रश्नचिन्ह नव्हते.

शेल जुने आहे म्हणून सोडून द्यावे, तर नव्या साधनांनी तोच वारसा चालवला आहे. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये अस्तित्वात नसलेल्या सिक्रेटचे नाव लिहिले, तर एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते. हे त्यांच्या दस्तऐवजातच नमूद आहे. सिक्रेटच्या नावात एक अक्षर चुकले, तरी निकाल तोच. डॉकर कंपोज इशारा देते की व्हेरिएबल दिलेले नाही, रिकामे धरत आहोत. आणि पुढे चालू लागते. जावास्क्रिप्टमध्ये तर रिकामेपणालाही नाव मिळते: एपीआयचा पत्ता बिल्डच्या वेळी मिळाला नाही, तर पत्त्याच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ हा शब्दच बंडलमध्ये जाऊन बसतो. बिल्ड हिरवा, चाचण्यांत तो पत्ता बनावट असल्याने त्याही हिरव्या, आणि ग्राहकाच्या ब्राउझरमधून अनडिफाइन्ड नावाच्या ठिकाणी विनंत्या जात राहतात. इथे नुकसान कारणापासून लांब जाऊन पडते. चूक बिल्डच्या पहिल्या मिनिटातली, लक्षण चार दिवसांनी दुसऱ्याच यंत्रावर, आणि ते शोधणाऱ्याला बिल्डचा लॉग पाहण्याची परवानगीही नसते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या संघांना याचा एक खास चटका बसतो. जेनकिन्सच्या एजंटवर किंवा उघड्या-बोडक्या कंटेनरमध्ये ‘लँग’ आणि ‘एलसी_ऑल’ ही व्हेरिएबले बहुधा नसतात. ती नसली की प्रणाली ‘सी’ लोकेल धरते, म्हणजे अक्षरे फक्त इंग्रजीपुरती. पायथनच्या ३.७ च्या आधीच्या आवृत्त्या अशा ठिकाणी देवनागरी फाइल वाचताना कोलमडत. निदान कोलमडत, हे बरे. जावा ८ चा कंपायलर मात्र सोर्समधली देवनागरी अक्षरे न समजल्याचा नुसता इशारा देऊन त्यांच्या जागी प्रश्नचिन्हासारखी खूण भरत असे आणि क्लास फाइल तयार करत असे. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ हाच डिफॉल्ट झाला. पण जावा ८ वर चालणाऱ्या प्रणाली आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पोटापाण्याचा भाग आहेत. मेव्हन तर वर्षानुवर्षे स्पष्ट सांगत आले आहे की, यंत्राचे एन्कोडिंग वापरत आहे, त्यामुळे हा बिल्ड यंत्रावर अवलंबून आहे. ही ओळ इतक्या लॉगमध्ये इतक्या वेळा दिसते, की ती आता कोणाला दिसतच नाही. ‘टीझेड’चे तसेच. ते दिले नाही तर कंटेनर यूटीसी धरतो, आणि पुण्यात पहाटे साडेपाचच्या आत झालेल्या बिल्डवर आदल्या दिवसाची तारीख पडते. नाइटली बिल्ड नेमके त्याच वेळात चालतात.

आमचे म्हणणे असे, की ‘इशारा देऊन पुढे जाणे’ हा मधला मार्ग दिसतो, पण स्वयंचलित बिल्डमध्ये तो मार्गच नाही. इशारा वाचणारा कोणी असेल तरच त्याला अर्थ असतो. पाइपलाइनमध्ये वाचला जातो तो एकच अंक, बाहेर पडतानाचा एक्झिट कोड. तो शून्य असेल, तर वरच्या चार हजार ओळींत काय लिहिले आहे, याची चौकशी कोणी करत नाही. म्हणून तपासणी त्या अंकापर्यंत पोहोचली पाहिजे. बिल्डला लागणाऱ्या प्रत्येक व्हेरिएबलचे नाव रेपोमध्ये एका फायलीत असावे. ते कशासाठी, किंमत कशा रूपात, आणि रिकामे चालते की नाही, हे तिथेच लिहिलेले असावे. पाइपलाइनचा पहिला टप्पा ती फाइल वाचून पडताळणी करेल आणि जी नाहीत त्या सगळ्यांची नावे एकाच वेळी सांगून थांबेल. एकाच वेळी, हे महत्त्वाचे. एक सांगून थांबायचे, ते दिले की दुसरे, मग तिसरे, अशी पाइपलाइन माणसाला इतकी रडकुंडीला आणते की तो तपासणीच उपटून टाकतो. किंमत आहे म्हणजे ठीक आहे, असेही नाही. पोर्टच्या जागी अंक आहे का, पत्त्याच्या जागी पत्ता आहे का, एवढे पाहायला दहा ओळी पुरतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: डिफॉल्ट कशासाठी असतात मग? आम्ही डिफॉल्टच्या विरोधात नाही. किती कामे समांतर चालवायची, लॉग किती बोलका हवा, कॅशे कुठे ठेवायचा, यांना डिफॉल्ट असायलाच हवा. चुकला तर बिल्ड जरा हळू होईल, वेगळा होणार नाही. कसोटी तीच आहे. व्हेरिएबल नसल्याने तयार होणारी वस्तू बदलते का? बदलत असेल, तर डिफॉल्ट देणे म्हणजे ग्राहकाला काय पोहोचवायचे याचा निर्णय कोणाला न विचारता घेणे. डेटाबेसचा पत्ता, सही करण्याची किल्ली, कोणत्या ग्राहकासाठीचा बिल्ड, रसायनशास्त्र हवे की नको, ही सगळी त्या बाजूची. सीमेवरची उदाहरणेही आहेत. ‘सोर्स_डेट_इपॉक’ हे व्हेरिएबल, एकाच सोर्समधून दरवेळी हुबेहूब तीच फाइल निघावी यासाठी झटणाऱ्यांनी रूढ केले. ते नसेल तर साधने आजची वेळ वापरतात. ज्याला हुबेहूबपणाशी देणेघेणे नाही त्याला हा डिफॉल्ट निरुपद्रवी. ज्याने तसा शब्द दिला आहे, त्याच्यासाठी तो शब्दभंग. म्हणजे सीमा कुठे आखायची हे साधन ठरवू शकत नाही, ते प्रकल्पालाच ठरवावे लागते, आणि म्हणूनच ते प्रकल्पाच्या रेपोत लिहिलेले हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांकडून येतो. बाहेरच्या योगदात्याने फोर्क करून बदल पाठवला, तर त्याच्या बिल्डला मूळ प्रकल्पाची सिक्रेटे मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. नाहीतर कोणीही चार ओळींचा बदल पाठवून ती वाचून नेईल. गिटलॅबमध्येही ‘प्रोटेक्टेड’ खूण केलेली व्हेरिएबले फक्त संरक्षित शाखांना आणि टॅगना दिसतात, साध्या फीचर शाखेला नाही. मग आमचा कडक नियम लावला, तर नवख्याचा पहिलाच बदल त्याचा काही दोष नसताना लाल दिसेल. आक्षेप खरा आहे, पण तो नियमाविरुद्ध नाही, पाइपलाइनच्या बांधणीविरुद्ध आहे. कंपाइल करायला आणि चाचण्या चालवायला सही करण्याची किल्ली लागतेच कशाला? सिक्रेट लागणारे काम वेगळ्या टप्प्यात काढावे. त्या टप्प्याला आपली व्हेरिएबले मिळणार नाहीत हे आधीच माहीत असेल, तर त्याने सुरूच होऊ नये आणि ‘वगळला’ असे स्पष्ट दिसावे. वगळलेला टप्पा आणि अर्धवट चाललेला टप्पा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यातून सही नसलेले पॅकेज बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्यातून रिकाम्या किल्लीने ‘सही’ झालेले काहीतरी बाहेर पडते.

तिसरा आक्षेप हिंजवडी-खराडीच्या भाषेत सांगायचा तर डिलिव्हरीचा. समोरचा ग्राहक दुसऱ्या टाइमझोनमध्ये, रिलीज आज रात्री, आणि कोणत्यातरी अहवालाच्या ईमेल पत्त्याचे व्हेरिएबल नाही म्हणून बिल्ड अडला, हे कोणता मॅनेजर ऐकून घेईल? खरे तर त्याने ऐकून घेऊ नयेच. ईमेलचा पत्ता नसल्याने तयार वस्तू बदलत नाही. त्याला सक्तीच्या यादीत टाकणाऱ्याची चूक आहे, आणि सरसकट सगळेच सक्तीचे करणारे संघ ही चूक हमखास करतात. पण अडलेले व्हेरिएबल खरोखर सक्तीचे असेल, तर मॅनेजरची तक्रार हिशोबात टिकत नाही. पहिल्याच टप्प्यात थांबलेला बिल्ड ज्याने बदल केला त्याच्यासमोरच थांबतो, कारण ताजे असते, उपाय एका ओळीचा असतो. तेच पुढे ढकलले, तर किंमत मोजणारा माणूस बदलतो: सपोर्टमधला, ऑन-कॉल असलेला, ग्राहकाच्या कार्यालयात बसलेला. खर्च वाचत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. आपल्या व्यवसायात हे खाते बहुतेकदा वेगळ्या कंपनीचे असल्याने वाचल्यासारखे मात्र वाटते.

थांबताना काय बोलायचे, याला एक मर्यादा आहे. बिल्ड का अडला हे कळावे म्हणून सगळे एनव्हायर्नमेंट लॉगमध्ये ओतणारी एक ओळ अनेक स्क्रिप्टांत सापडते. ती काढून टाकावी. २०२१ मध्ये ३१ जानेवारी ते १ एप्रिल या काळात कोडकोव्हची अपलोड स्क्रिप्ट कोणीतरी बदलली होती आणि ती ज्या-ज्या बिल्डमध्ये चालली, तिथली व्हेरिएबले परस्पर बाहेर पाठवत होती. तिथे बाहेरच्याला घुसावे लागले. लॉगमध्ये सगळे छापणारा आपल्या हाताने तेच काम सोपे करून ठेवतो. साधने सिक्रेट झाकतात हे खरे, पण ती शब्दशः जुळणारी किंमतच झाकतात. बेस-६४ मध्ये गुंडाळलेली किंवा दोन तुकड्यांत आलेली त्यांना ओळखू येईलच असे नाही. नाव छापावे, अपेक्षित रूप छापावे, किंमत कधीच नाही. टँगोचा निरोप इथेही बरोबर बसतो: त्याच्या नमुन्यात खरे यंत्र कोणतेच नाही.

राहता राहिला जुन्या पाइपलाइनींचा प्रश्न, कारण नव्याने लिहिताना हे सगळे पाळणे सोपे आहे. सर्व्हिस कंपन्यांत एखादा जेनकिन्स सर्व्हर तीन संघांच्या हातांतून गेलेला असतो आणि त्याच्या ग्लोबल सेटिंगमध्ये कोणी केव्हा टाकली हे कोणालाच ठाऊक नसलेली व्हेरिएबले साचलेली असतात. रेपोत त्यांचा पत्ता नाही, म्हणून ती कोडसोबत हलत नाहीत. सर्व्हर बदलायची वेळ आली की त्यांच्याशिवाय बिल्ड होतो, हिरवा होतो, आणि वेगळा होतो. अशा ठिकाणी तपासणी लावण्याआधी यादी काढावी लागते आणि ती स्क्रिप्ट वाचूनच काढावी, सर्व्हरवरच्या सेटिंगवरून नव्हे. सेटिंगवरून फक्त काय दिले जाते ते कळते, काय लागते ते नाही. मेकमध्ये न ठरवलेल्या व्हेरिएबलबद्दल इशारा देण्याचा पर्याय आहे, शेलमध्ये ‘सेट -यू’ आहेच. दोन्ही लावून एकदा बिल्ड चालवला की बरीचशी नावे आपोआप समोर येतात. उरलेल्यांपैकी ज्याचा मालक सापडत नाही ते व्हेरिएबल एका चाचणी-बिल्डमधून काढावे आणि आधीच्या व नंतरच्या फायली बाइट-बाइट जुळवून पाहाव्यात. त्यासाठी सोर्स_डेट_इपॉक आधी पक्के करावे लागेल, नाहीतर तारखेमुळेच फायली वेगळ्या निघतील. त्यानंतरही फायली जुळल्या नाहीत, तर ते नाव सक्तीच्या यादीत जाईल. जुळल्या, तर ते पुसून टाकायला हरकत नाही.